शीव जागेवर, कामगार हद्दपार!



गावाकडं भाऊबंद बांध कोरतो तो काही ढोल वाजवून कोरत नाही. नांगरट करताना दरसाल वीतभर आत येतो. दहा सालांनी आपण बघतो तर आपल्या दोन सऱ्या त्याच्या वावरात! घाटावरचा असो की कोकणातला, आपल्यातल्या बहुतेकांच्या घराण्यात असली एक तरी भानगड कोर्टात जाऊन आलेली आहे. म्हणून बांध म्हणजे काय, शीव म्हणजे काय, हे आम्हाला कुणा साहेबाने शिकवायला नको.

पण मुंबईत जे चाललं आहे ते त्या भाऊबंदालाही सुचलं नसतं. हितं बांध कुणी कोरला नाही. बांध आहे तिथंच आहे. शेतात राबणाऱ्या माणसालाच बखोटीला धरून उचलला आणि बांधापलीकडं नेऊन ठेवला! आणि वर सांगतात, रडता कशाला, पलीकडचं पण आपलंच शिवार आहे.

आम्ही बोलतो आहोत ते शेलू-वांगणीबद्दल. २०२४ च्या मार्चात सरकारने ठराव काढला की गिरणी कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी एक्याऐंशी हजार घरं बांधायची. आकडा ऐकून कुणाचंही तोंड गोड व्हावं! पण घरं कुठं? तर वांगणीला आणि शेलूला. वांगणी ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथ तालुक्यात. शेलू रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. बोरीबंदरला कर्जत गाडीत बसलात, तर कल्याण गेलं, उल्हासनगर गेलं, अंबरनाथ गेलं, बदलापूर गेलं, की मग वांगणी, आणि त्याच्या पुढं शेलू. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि ठाणे असे तीन जिल्हे पाठीमागं टाकून माणूस चौथ्या जिल्ह्यात उतरतो, तेव्हा त्याला त्याचं ‘मुंबईतलं’ घर दिसायचं आहे.

गिरणी कुठं होती? लालबागला, परळला, भायखळ्याला, वरळीला, शिवडीला. घाम तिथं गाळला. घर मात्र चौथ्या जिल्ह्यात. कायद्याच्या भाषेत गुंडाला शहराबाहेर काढतात त्याला हद्दपारी म्हणतात. आम्ही कुणाच्या डोक्यात दगड घातला म्हणून आमच्यावर हा हुकूम बजावला?

कलेक्टर दोन, महापालिका एक

आधी ही हद्द म्हणतात ती काय चीज आहे ते नीट समजून घेऊ. आपल्यातले पुष्कळ जण इथंच फसतात आणि कचेरीतला कारकून त्याचा फायदा घेतो.

मुंबईत दोन प्रकारच्या हद्दी आहेत. एक जिल्ह्याची, एक महापालिकेची. जिल्हे दोन. मुंबई शहर जिल्हा कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, आणि मुंबई उपनगर जिल्हा वांद्रे-कुर्ल्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत. १९९० साली ही वाटणी झाली. शहराचा कलेक्टर फोर्टात बसतो, उपनगराचा वांद्र्याला. उपनगराला अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. शहर जिल्ह्याला ना तालुका, ना जिल्हा परिषद, ना ग्रामपंचायत. आणि या दोन्ही जिल्ह्यांवर मिळून महापालिका मात्र एकच. तिचे वॉर्ड इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे. आपलं गिरणगाव मुख्यतः तीन वॉर्डांत येतं : ई, एफ दक्षिण आणि जी दक्षिण. भायखळा-माझगाव ई मध्ये, लालबाग-परळ-शिवडी एफ दक्षिणमध्ये, वरळी-लोअर परळ-प्रभादेवी जी दक्षिणमध्ये.

हे वाचायला सोपं वाटतं. पण आमच्यातल्या एका वारसाला विचारा. त्याचा बाप लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली विकली, बिऱ्हाड कांजूरमार्गला गेलं. बाप वारला. पोरगा वारसाच्या कागदासाठी एका सरकारी कचेरीत गेला. तिथला साहेब म्हणाला, तुम्ही राहता उपनगर जिल्ह्यात, तिकडून आणा. तिकडचा म्हणाला, गिरणी शहर जिल्ह्यातली, आमचा काय संबंध? चार महिने तो पोरगा धोट्यासारखा इकडून तिकडं, तिकडून इकडं! धोटा निदान कापड तरी विणतो. याच्या हाताला लागला तो रेल्वेचा पास आणि खाड्यांचे पैसे कापलेला पगार.

आता आमचा सवाल. कांजूरला राहणाऱ्याला हद्दीचा एवढा हिशेब लावणारं हे सरकार, घर द्यायची वेळ आली की त्याला एकदम सगळ्या हद्दी कशा काय विसरायला होतात?

शीव म्हणजेच वेस

शीव स्टेशनावर आपण रोज उतरतो, चढतो. त्या नावाचा अर्थ कधी मनात येतो का? शीव म्हणजे हद्द. मुंबईचं बेट तिथं संपायचं आणि पलीकडं साष्टी सुरू व्हायची. पोर्तुगीजांनी १६६१ च्या करारात इंग्रजाला दिली ती मुंबई. साष्टी त्यात नव्हती. ती १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला काबीज करून ती बळकावली. म्हणजे कुर्ल्याची, अंधेरीची, मुलुंडची जमीन ही मुंबईच्या आधी मराठी मुलखाच्या हिशेबात होती. साहेबाने पुढं बेटांमधल्या खाड्या बुजवल्या, शीव आणि माहीमला बांध घालून रस्ते काढले. पाटी मात्र राहिली : शीव.

१८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव झाली आणि मग आमचे पणजोबा आले. रत्नागिरीचे बोटीने आले, साताऱ्याचे चालत नि गाडीने आले. तेलंगणातले पद्मशाली आले, उत्तरेकडचे भय्ये आले. गावकीच्या खोलीत एका गाळ्यात तीस-तीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. शहर त्यांनी वाढवलं. पण शहराच्या कारभारात त्यांचं नाव? १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या म्युनिसिपालिटीत निवडणूक आली खरी, पण मत करदात्याला! ज्याचा वाडा त्याचं मत. ज्याने वाडा बांधला त्याचं नाही. हद्दीच्या आत राहूनही आपण हद्दीबाहेरच होतो. सरसकट सगळ्या प्रौढांना महापालिकेचं मत मिळालं ते १९४८ साली, म्हणजे पहिल्या गिरणीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

आणि मत मिळालं तोच दुसरा डाव सुरू झाला. मुंबई महाराष्ट्राची नव्हे, असं म्हणणारे शेटजी आणि त्यांचे वकील उभे राहिले. त्यांचा मुख्य पुरावा कोणता, माहीत आहे? शिरगणती! १९५१ च्या मोजणीत मुंबईत मराठी बोलणारे शेकडा त्रेचाळीस-चव्वेचाळीस भरले. निम्म्याहून कमी भरले ना, मग मुंबई तुमची नाही, निघा!

काय हिशेब आहे बघा. आधी शहराभोवती कुंपण घालायचं, मग कुंपणाच्या आतली डोकी मोजायची, आणि मग म्हणायचं की कुंपणाबाहेरच्या मुलखाशी या शहराचा संबंध नाही. कुंपणाला लागून ठाणे जिल्हा मराठी, त्याच्यापुढं कुलाबा जिल्हा मराठी, पाणी तिकडचं, भाजी तिकडची, माणूस तिकडचा. पण मोजायचं ते फक्त कुंपणाच्या आत! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालीच धर कमिशनला दिलेल्या निवेदनात या युक्तिवादाचा समाचार घेतला होता. मुंबईत चहूकडून माणूस येणारच, म्हणून काही तिची जमीन महाराष्ट्रातून उठून जात नाही, असा त्यांचा रोख होता. बाबासाहेब परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहिलेला माणूस. त्यांना मुंबई नकाशावरून माहीत नव्हती, जिन्यावरून माहीत होती.

पुढचं सगळं आपल्या घरात आजही सांगितलं जातं, म्हणून थोडक्यात लिहितो. १९५५ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर वेगळं, असा त्रिराज्याचा घाट घातला गेला. २१ नोव्हेंबरला गिरण्या बंद करून कामगार फ्लोरा फाउंटनवर गेला आणि गोळी खाऊन आला. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं, आणि गिरणगावाच्या नाक्यानाक्यावर पुन्हा गोळीबार. लढ्यात एकशेपाचांवर माणसं गेली. त्यांत गिरण्यांतली किती, हे हुतात्मा चौकातली नावं वाचताना आपलं आपल्याला कळतं. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकली, आचार्य दोंदे महापौर झाले. मध्य मुंबईने कॉम्रेड डांग्यांना दिल्लीला पाठवलं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

मुंबईसह! हा एक शब्द आपल्या माणसांच्या रक्ताने त्या वाक्यात घातलेला आहे. आता तुम्हीच सांगा, मुंबईसह महाराष्ट्र मिळाला आणि महाराष्ट्रासह मुंबई मिळवणारा कामगार वांगणीला गेला, तर आपण नक्की काय जिंकलं?

तेव्हा शीव हलली होती

कुणी म्हणेल, अहो शहर वाढतं, हद्दी बदलतात, तुम्ही जुनाट विचार करता. नाही! हद्द वाढायला आमचा विरोध कधीच नव्हता. उलट हद्द वाढते कशी हे आम्ही बघितलेलं आहे.

१९५० च्या एप्रिलपर्यंत महापालिकेची हद्द शीव आणि माहीमलाच संपत होती. सुमारे सदुसष्ट चौरस किलोमीटर. वांद्रे, कुर्ला, घाटकोपर, पार्ले-अंधेरी इथं आपापल्या छोट्या नगरपालिका होत्या. १५ एप्रिल १९५० पासून हा भाग मुंबईत घेतला, शहर अडीचशे चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर गेलं. मग १ फेब्रुवारी १९५७ ला हद्द दहिसर आणि मुलुंडला नेली, आणि शहर चारशे चौरस किलोमीटरच्या वर पोचलं. सात वर्षांत मुंबई सहापटीहून मोठी झाली!

त्या वाढीत घडलं काय, तिकडं लक्ष द्या. भांडुपच्या माणसाला कुणी उचलून नेलं नाही. तो आपल्या घरातच बसला होता आणि मुंबई त्याच्या दारात गेली. सोबत पालिकेची शाळा गेली, दवाखाना गेला, नळ गेला, आणि नगरसेवक निवडायचं मत गेलं. सगळं एका दिवसात गेलं असं आम्ही म्हणत नाही. नळ तर कित्येक वस्त्यांत वर्षानुवर्षं आला नाही. पण मागायला दार होतं. वॉर्ड ऑफिसावर हंडे घेऊन जाता येत होतं, कारण ती आपली पालिका होती.

तेव्हा शीव हलली आणि माणूस जागेवर राहिला. आज शीव दहिसर-मुलुंडला खिळे ठोकून पक्की केली आहे आणि माणसाला हलवतात. यातला फरक ज्याला कळत नसेल त्याने खुशाल आम्हाला जुनाट म्हणावं.

वांगणीला घर द्यायचं तर मुंबई महापालिका वांगणीला न्या ना! २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यातला वाटा तिकडं न्या. केईएम न्या, बेस्ट न्या, पालिकेची शाळा न्या, मुंबईच्या नगरसेवकाचं मत न्या. आहे तयारी? नाही. मग ‘मुंबईतलं घर’ हा शब्द तरी वापरू नका.

इथं सरकारचा हुकमी पत्ता निघतो : मुंबई महानगर प्रदेश. म्हणे वांगणी, शेलू हे सगळं महानगर प्रदेशातच येतं. प्राधिकरण १९७५ साली स्थापन झालं, त्याच्या नकाशात हे भाग आहेत. असतील. पण भावांनो, त्या प्राधिकरणासाठी तुम्ही कधी मतपेटीत चिठ्ठी टाकलीत? कधी यंत्राचं बटण दाबलंत? तिथला सभासद तुमच्या चाळीत मतं मागायला आला? नाही येणार, कारण त्याला तुम्ही निवडत नाही. म्हणजे ज्या नकाशात मत आहे त्या नकाशातून आम्हाला काढायचं, आणि ज्या नकाशात मत नाही त्या नकाशात बसवायचं. आणि जिथं मत आहे तिथंसुद्धा काय केलं? महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली. वॉर्ड दोनशे सत्तावीस ठेवायचे की दोनशे छत्तीस करायचे, रेघा कुठून ओढायच्या, या घोळात आणि कोर्टबाजीत पुढं तीन वर्षांच्या वर मुंबईला नगरसेवकच नव्हता. प्रशासक एकटा खुर्चीत. आमच्या बापाने शंभर वर्षांनी मिळवलेलं मत, आणि या लोकांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आणखी एक गंमत सांगतो. मुंबई पाणी पिते ते कुठलं? विहार आणि तुळशी हे दोन तलाव तेवढे हद्दीच्या आतले. बाकी तानसा, भातसा, वैतरणा, सगळं हद्दीबाहेरचं, ठाणे-पालघर-नाशिककडच्या डोंगरातलं. मोठमोठ्या नळांतून ते पाणी शंभर-शंभर किलोमीटर आत आणतात. टॉवरच्या चाळिसाव्या मजल्यावर पोहायच्या हौदात तेच पाणी. पाण्याला हद्द आडवी येत नाही. आत येताना कशालाच हद्द आडवी येत नाही, पाण्याला नाही, पैशाला नाही. बाहेर जायचं असतं ते फक्त कामगाराला.

जमीन नाही म्हणतात

दुसरा पत्ता : मुंबईत जमीनच नाही.

कुणाला सांगता? सहाशे एकर जमीन होती गिरण्यांची, भर शहरात, साठाच्या आसपास गिरण्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. सामंतांच्या हाकेने अडीच लाख कामगार संपावर गेला. त्या संपाचं काय चुकलं, काय बरोबर, यावर आपल्यातच दोन मतं आहेत, आणि तो वाद आज इथं काढत नाही. पण संपाआड मालकांनी काय ओळखलं ते सांगायला हवं. त्यांनी ओळखलं की सूत कातण्यापेक्षा जमीन विकणं फायद्याचं. १९९१ साली सरकारने नियम केला, अठ्ठावन्नावा. त्यात म्हटलं, गिरणीची जमीन विकासाला काढली तर तीन वाटे पडतील. एक शहराला, मैदान-बागेसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. एक मालकाला. हे ऐकून आम्हीही म्हटलं, चला, निदान तिसरा वाटा तरी.

मग २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. काय दुरुस्ती? तीन वाटे पडतील, पण सगळ्या जमिनीचे नव्हे, फक्त मोकळ्या जमिनीचे. जिथं गिरणीचं बांधकाम उभं होतं ती जागा वाटणीत धरायचीच नाही, मग ते बांधकाम पाडलं तरी! घरातल्या थोरल्याने म्हणावं, तिघांत वाटणी करू, पण पीक उभं आहे ते वावर माझं, आणि मधल्या पाऊलवाटेचे तीन भाग करू. तशी ही वाटणी. लोक कोर्टात गेले, हायकोर्टात २००५ ला जिंकले, आणि ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली. कायद्याने हरलो. मान्य आहे. पण जमीन नव्हती म्हणून हरलो नाही.

आणि त्या जमिनीवर काय उभं राहिलं ते तुम्ही रोज बघता. आपलीच पोरं तिथं दारावर सलाम ठोकायला उभी आहेत. बाप ज्या फाटकातून बिल्ला दाखवून आत जायचा, त्याच जागेवर पोरगा दुसऱ्यांचे बिल्ले तपासतो. बिल्डरांना तर ‘परळ’ या नावाचीसुद्धा लाज वाटली. जाहिरातीत लोअर परळचं ‘अप्पर वरळी’ करून टाकलं! कुठल्या कलेक्टरने ही हद्द बदलली, कुठल्या गॅझेटात छापली? पैसेवाल्याने तोंडाने म्हटलं की हद्द बदलते.

आता आकडे घ्या. पावणेदोन लाखांच्या आसपास कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज भरले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, सव्वादोनशे चौरस फुटांची, पण गिरणीच्या जमिनीवर, मुंबईत. मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. मधल्या सोडती धरून सगळी बेरीज सोळा हजारांच्या आत. त्यातलीही दोन हजारांवर घरं पनवेलजवळ कोनला, रायगड जिल्ह्यात. सोडत २०१६ ला आणि चाव्यांसाठी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. म्हणजे वांगणी ही काही पहिली पायरी नव्हे. आधी कोनला नेऊन बघितलं, माणसं गप्प राहिली, तेव्हा आणखी पुढं ढकललं.

शहर जिल्ह्याची शिरगणतीही बघा. २००१ साली ३३,३८,०३१ माणसं होती. २०११ ला ३०,८५,४११. दहा वर्षांत अडीच लाख कमी! त्याच दहा वर्षांत शहरात टॉवर उभे राहात होते, घरं वाढत होती, आणि माणसं घटत होती. ती कुठं गेली हे डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याच्या फलाटावर सकाळी सहाला उभं राहिलात तर दिसतं. १९५५ ला म्हणत होते, शहरात तुम्ही निम्म्याहून कमी आहात. आता तशी मोजणी करायचीही कुणाला गरज उरू नये अशी व्यवस्था चालली आहे.

वांगणीला आम्ही जाऊन आलो

न बघता बोंब मारतात, असं कुणी म्हणू नये म्हणून पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही पंधरा-वीस जण वांगणीला गेलो. सोबत लालबागच्या एक मावशी होत्या. त्या स्वतः गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, नवरा कार्डिंगमध्ये. कार्डिंगचा कापूस त्याच्या छातीत बसला आणि त्यातच तो गेला. मावशींनाही दमा आहे. दर मंगळवारी केईएमला जातात, लालबागहून चालत, वाटेत दोनदा बसून.

गाव छान आहे, खोटं कशाला बोला. हिरवा डोंगर, भाताची खाचरं, हवा स्वच्छ. तिथल्या लोकांशी आमचं काडीचं वैर नाही. उलट चहाच्या टपरीवर एक म्हातारे भेटले, ते म्हणाले, तुमच्या घरांच्या नावानं आमच्याकडं जमिनीचे दलाल फिरायला लागलेत. म्हणजे हितल्या गरिबाला त्याच्या वावरातून उठवायचं आणि तिथं आमच्या गरिबाला बसवायचं, दोघांनी एकमेकांकडं बघत राहायचं. हा डाव तिथल्या शेतकऱ्यालाही कळतो आहे.

मावशींनी फक्त एकच विचारलं. हितून केईएमला किती वेळ लागंल? आम्ही म्हटलं, मावशी, गाडी वेळेवर मिळाली तर परळपर्यंत दोन तास. त्या म्हणाल्या, जिना चढताना मी दोन वेळा बसते, दोन तास उभं राहून कशी येऊ? यावर सरकारी ठरावात उत्तर आहे का? आम्हाला तरी दिसलं नाही.

आपल्यातल्यांनाही दोन शब्द सांगतो, रागावू नका. काही जण म्हणतात, मिळतंय ते घ्या, उद्या तेही मिळणार नाही. म्हातारे मरून चालले, कुठवर लढायचं? असं म्हणणाऱ्याला आम्ही फितूर म्हणणार नाही. जो आधीच बदलापूरला राहतो, त्याला वांगणी दोन पावलांवर. त्याला तिथंच घर हवं असेल तर खुशीने घ्यावं, त्याचा हक्क आहे. पण त्याची खुशी दाखवून बाकीच्या दीड लाखांना तिकडं ढकलू नका. आणि काही वारस असेही आहेत, २०१२ च्या सोडतीतलं घर हातात येताच गिऱ्हाईक शोधायला लागले. त्यांच्यामुळे मंत्र्यांना बोलायला तोंड मिळतं की यांना घर नको, पैसा हवा. हे बोलणं आपल्याला झोंबतं, कारण त्यात थोडं खरं आहे.

२०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर म्हातारे कामगार, विधवा बाया, वारस पोरं पावसात बसली होती. सरकारी मालकीच्या शेवटच्या ज्या गिरण्या २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या आणि पुन्हा धड चालल्या नाहीत, त्यांतलेही आमचे सोबती होते. मागणं सगळ्यांचं एकच होतं आणि तेच आज पुन्हा मांडतो. घर मुंबई महापालिकेच्या हद्दीत. गिरण्यांच्या जागेतला म्हाडाच्या वाट्याचा जो तुकडा अजून हाती आला नाही, तो आधी मोजून जाहीर करा, वॉर्डवार, सर्व्हे नंबरासकट. सरकारी गिरण्यांची जमीन बिल्डरला दाखवायच्या आधी आम्हाला दाखवा. शहरात खरंच पुरत नसेल तर उपनगर जिल्ह्यात द्या, दहिसर-मुलुंडच्या आत, जिथं आमची पालिका आहे. आणि ज्याला वांगणी नको, त्याचा अर्ज जिवंत राहील हे लिहून द्या. तोंडी नको. तोंडी आश्वासनांवर आमची एक अख्खी पिढी स्मशानात गेली.

रविवारच्या सभेला येताना घरातली जुनी ट्रंक उघडून बघा. गिरणीचा पास किंवा बिल्ला, पगाराची एखादी चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, विमा योजनेचं कार्ड, घराच्या अर्जाची पावती, जे सापडेल ते आणा. झेरॉक्स आणा, अस्सल कागद कुणाच्या हातात देऊ नका, आमच्याही नको. कागदावर आपला वॉर्ड आणि जिल्हा मोठ्या अक्षरात लिहा. सभेत आम्ही वॉर्डवार यादी करणार आहोत, म्हणजे त्या कलेक्टरने या कलेक्टरकडं बोट दाखवायला नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दोन पोरं टेबलाशी बसतील.

मावशीही येणार आहेत. पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.